खेळातली बाई माझ्या आवाजात बोलते

पुण्यातल्या एका कंपनीत मी व्हिडिओ गेम तपासायचं काम करत होते. लोकांना वाटतं, दिवसभर खेळायचं आणि पगार घ्यायचा. प्रत्यक्षात खेळातल्या माणसाला मी एकेका भिंतीवर शंभरदा आपटत असे. तो आरपार गेला की चूक नोंदवायची, ती दुरुस्त झाली की पुन्हा तीच भिंत.

मला खरं तर चित्रं काढायची होती, खेळातली झाडं, घरं, वाटा. गावी, मोताळ्याला, आमची भाजीची शेती. अॅनिमेशन शिकायला निघाले तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "त्याच्यात नोकरी लागते ना?" लागली, पण तपासणीत. वर्षभरात चित्रांकडे घेऊ, असं साहेब म्हणाले. दोन वर्षं झाली, मी भिंतीपाशीच.

एकदा जेवताना आईचा फोन आला. "जेवून राह्यलो ना माय, मंग करतो," म्हणून मी ठेवला. टेबलावर हशा पिकला. मुलगी असून 'करतो' म्हणते! आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. खेळाची गोष्ट लिहिणारा मुलगा मात्र हसला नाही. त्यानं दुसऱ्याच दिवशी मला रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं. नव्या खेळात एक गावंढळ बाई होती. कुणी रस्ता विचारला की चुकीचा सांगायची, आणि विचारणारा शेणाच्या खड्ड्यात पडायचा.

"तू बोलतेस तसंच बोल," तो म्हणाला, "फक्त थोडं जास्त."

मी थोडं जास्त बोलले. काचेपलीकडे सगळे पोट धरून हसत होते. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. त्या ऑफिसात पहिल्यांदाच कुणी मला कशासाठी तरी ओळखत होतं.

सुट्टीत घरी गेल्यावर आईला मोबाइलवर ते ऐकवलं. ती नुकतीच बाजारातून आली होती, पिशव्या तशाच पायाशी. तिनं तीनदा ऐकलं.

"हा तुहा आवाज हाय," ती म्हणाली. "पन ते बाई आपल्याइकडचीच हाय ना?"

"हो."

"मंग तिले रस्ता काऊन ठाऊक नाही?"

मी मोबाइल बंद केला. आई भाजी निवडायला बसली.

परत गेले तर तोच भाग तपासायला माझ्याकडे आला होता. आठवडाभर कानांत माझाच आवाज. डावीकडे जा, खड्डा. पुन्हा डावीकडे जा, खड्डा. चौथ्या दिवशी मी चुकांच्या यादीत लिहिलं : गावातली बाई रस्ता चुकीचा सांगते. तासाभरानं शेरा आला, 'चूक नाही. असंच ठेवायचं आहे.'

मी लिहिणाऱ्या मुलाकडे गेले. म्हटलं, एकदा तरी तिला बरोबर सांगू दे. तो वाईट नव्हता. थकल्या आवाजात म्हणाला, "अगं, मग ती कुणाच्या लक्षात राहील?"

खेळ बाजारात आला आणि चालला. बाई लोकांना आवडली. साहेबांनी बोलावून सांगितलं, पुढच्या खेळात तिला मोठी भूमिका आहे, मला आवाजाच्या कामावर कायम करतील. "चित्रं काढणारे खूप मिळतात. तुझं करिअर यातच आहे."

विचार करायला मी दोन दिवस मागितले, खरं तर दमले होते म्हणून. दोन दिवस नुसते झोपून काढले आणि मग नाही म्हणून आले. त्यांनी त्या बाईसाठी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आणला, आणि मला पुन्हा भिंतीपाशी बसवलं. सहा महिन्यांनी मीच सोडलं.

आता मोताळ्यातूनच दुसऱ्या एका कंपनीसाठी तपासणी करते. त्या खेळात कुणी बोलत नाही. चित्रांसाठी अर्ज पाठवत राहते. अधूनमधून उत्तर येतं, बहुतेक नकाराचंच. वडील विचारतात, "कटाळली काय?" मी हो म्हणते. ते म्हणतात, "मंग घडीभर पड." मी पडते, आणि उठून पुन्हा संगणकापाशी बसते.