पत्र्याचा ससा

ऊर्जानगरच्या एअरगन स्पर्धेत झाडीत उभे केलेले पत्र्याचे प्राणी छर्‍याने पाडायचे होते. शेवटी मी आणि एक निवृत्त वनरक्षक काका बरोबरीत आलो. त्यांनी रानडुक्कर पाडलं, घूस पाडली आणि दर वेळी मिशीवरून हात फिरवला. आता फक्त ससा उरला होता, कप त्याच्यावरच ठरणार होता. काकांनी बराच वेळ नेम धरला आणि बंदूक खाली ठेवली.

"ससे मारणाऱ्यांले जिंदगीभर पकडलं म्या, बेटा. आता मीच मारू काऊन?"

"काका, पत्र्याचा आहे," मी पुटपुटले.

"मले माहीत हाय. त्याले माहीत हाय काय?"

मग माझी पाळी आली. मी ससा पाडला, कप घेतला आणि कुणी बघत नाही असं पाहून त्या पत्र्याला हळूच सॉरी म्हटलं.