येथे तेल लावू नये

फोन आला तेव्हा मी सायकलच्या टायरमध्ये हवा भरत होते. नुकतंच उजाडलं होतं. विक्रम, माझा नवरा, कंपू भागातल्या हॉस्पिटलात वडिलांजवळ थांबला होता आणि मी मुरारपर्यंत एक चक्कर मारून, आंघोळ उरकून त्याच्या जागी जाऊन बसणार होते. "गेले," एवढंच तो म्हणाला. मी "येते" म्हटलं. टायर अर्धवट भरलेला होता. तो पूर्ण भरला, पंप खिळ्याला अडकवला... आणि मग आत जाऊन सासूबाईंना उठवलं. हे नंतर एका नातेवाइकांना सांगितलं तर त्यांना ते जरा विचित्र वाटलं. आबासाहेबांना वाटलं नसतं. टायर अर्धवट ठेवून आले असते तर मात्र त्यांनी जाब विचारला असता. आदल्या संध्याकाळी शुद्धीत असताना त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं तेही सायकलीचंच. "ब्रेक रोज बघतेस ना?" "बघते." "फडकं?" "कोरडं." एवढं ऐकून त्यांनी समाधानानं डोळे मिटले. सलाइन बदलायला आलेली नर्स माझ्याकडे बघत राहिली.

आबासाहेब म्हणजे माझे सासरे. त्या 'साहेबा'वरून कुणी आम्हाला सरदार-दरकदार समजू नये. पूर्वज दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले साधे शिलेदार. फौज गेली, मागे नावातला साहेब राहिला आणि एक तलवार राहिली. आबासाहेब स्वतः सिंचन विभागात इंजिनिअर होते आणि आयुष्यात त्यांनी शस्त्र म्हणून मोजपट्टीखेरीज काही उचललं नव्हतं. पण खंडेनवमीला ती तलवार खाली उतरायची, सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाच्या फडक्यानं टोकापासून मुठीपर्यंत पुसली जायची आणि मगच पूजा. उघडं लोखंड तेलाशिवाय ठेवायचं नाही, हा घरातला नियम. तेलाचं फडकं हातात आलं की ते तलवारीपुरतं थांबत नसे. अडकित्ता, कुलपं, दाराच्या बिजागऱ्या, एकदा तर माझ्या क्लिनिकच्या फाटकाची कडी... दिसेल त्या लोखंडाला त्या दिवशी तेल मिळायचं. आणि शेवटी सायकल.

सायकल म्हणजे रेसर. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, बारीक टायर, पोलादी सांगाडा. तरुणपणी दिल्लीहून कुणाकडून तरी वापरलेली घेतली आणि रेल्वेनं आणली, तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. गिअर बदलायच्या दोन छोट्या दांड्या खालच्या तिरप्या नळीवर. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून गुडघ्याच्या आतून खाली न्यायचा. निवृत्तीनंतर रोज पहाटे आबासाहेब त्यावरून नई सडकेजवळच्या आमच्या घरापासून मुरारच्या छावणीपर्यंत जायचे आणि यायचे. चेहरा असा, की बाकीचा दिवस त्या चकरेच्या शेपटाला बांधलेला आहे.

सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस हात गिअरकडे गेला आणि हँडल वळलं. एक ई-रिक्षा कोपराला घासून गेली. त्यांनी घरी सांगितलं नाही. रिक्षावाल्यानं सांगितलं, तोही बिचारा मागोमाग आला होता. विक्रम म्हणाला, "बस आता, आबासाहेब. चालायला जा. लोक चालतातच ना!" आबासाहेब दुसऱ्या दिवशी चालायला गेले, परत आले आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे, गुडघेच बघते. म्हटलं, हात दाखवा. उजवा खांदा पुढून खाली जायला तयार नव्हता, आणि व्यायामानं तो किती सुधारणार ते मला कळत होतं. पाय, छाती, तोल, सगळं ठीक होतं.

"आबासाहेब, हात काही आता गिअरपर्यंत नीट जायचा नाही. गिअर हाताशी आणावे लागतील."

"येतात?"

"नव्या सायकलींना ब्रेकच्या दांडीतच असतात. बोटानं ढकलायचं, झालं."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "म्हणजे पलंगावर चहा."

पलंगावरच्या चहाला ते महिनाभर नाही म्हणत राहिले. जुनीला सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी बेइमानी. शेवटी एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "घेतो. एका अटीवर. जुनी विकायची नाही आणि उभीही ठेवायची नाही. ती तू चालवायचीस."

"मी? मी कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही."

"उभी राहिली तर गंजेल," ते म्हणाले. माझ्या पन्नाशीकडे झुकलेल्या गुडघ्यांबद्दल एक अक्षर नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गं सूनबाई. लोक काही म्हणणार नाहीत. आपल्या गल्लीतले लोक सातच्या आत उठत कुठे?"

तर अशी नवी सायकल त्यांची झाली आणि जुनी माझी. नवी काळी, इतकी हलकी की आबासाहेब ती एका हातानं उचलून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. चाकाच्या मध्याशी चकाकणारी पोलादी तबकडी, ती दाबून धरणारे ब्रेक. जुनीचे ब्रेक रबरी, चाकाच्या कडेला धरणारे. हा फरक दुकानदारानं सांगितला होता, आम्ही दोघांनी माना डोलावल्या होत्या आणि दोघंही तो विसरलो होतो. मला जुनी शिकवताना आबासाहेब पुढे आणि मी मागे. मागे वळून न बघता ओरडायचे, "खाली बघू नकोस, आवाज ऐक! करकरतेय म्हणजे गिअर बसला नाही. अजून किंचित." क्लिनिकमध्ये दिवसभर मी लोकांना सूचना देते; सकाळचा तो एक तास मी फक्त ऐकायचे. तो तास घराचा नव्हता, पेशंटचा नव्हता, माझा होता. असा एक तास आपल्याला हवा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. मागितलाच नसता. त्यांनी तो सायकल गंजू नये म्हणून दिला... निदान सांगितलं तरी तसंच.

मग ती खंडेनवमी आली. तलवार झाली, अडकित्ता झाला, माझी जुनी सायकल झाली आणि मग त्यांना नव्या सायकलीवर दोन गोल, चकचकीत, उघड्या पोलादाच्या तबकड्या दिसल्या. चांगलं निथळतं फडकं फिरवलं. दसऱ्याच्या सकाळी निघालो. पहिल्या वळणावर ब्रेक किंचाळला. "नवी आहे, लाजतेय," आबासाहेब म्हणाले. रस्ता मोकळा होता, पुलापर्यंत ब्रेकचं कामच पडलं नाही. पडावच्या पुलाच्या उतारावर मात्र मी मागून बघतेय तर ते थांबेचनात. उलट लांब जायला लागले. पुलाखाली दोन्ही बाजूंना झेंडूवाले बसलेले. आबासाहेबांनी डोकं शांत ठेवलं, माणसं टाळली, हातगाडी टाळली आणि सरळ झेंडूच्या ढिगात सायकल घातली. मी पोचले तेव्हा पिवळ्या-केशरी फुलांतून फक्त हेल्मेट आणि एक चाक दिसत होतं. फूलवाली कमरेवर हात ठेवून उभी. "अरे बाबूजी, माला चाहिए थी तो उतर के माँग लेते!"

ढिगातून आवाज आला, "दो दे दो, बड़ी वाली. दोनों साइकलों के लिए."

मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही. पण घरी गेल्यावर विक्रमचा पारा चढला. "खूब झालं आता! उद्याच ही सायकल देऊन टाकून राहिलो मी. आज फुलं होती म्हणून. उद्या ट्रक असेल." त्याचं चूक नव्हतं, घाबरला होता. आबासाहेब खुर्चीत गप्प, मनगटावर बर्फ. एरवी कुणाशीही वाद घालणारा माणूस त्या दिवशी वाद घालत नव्हता, आणि त्याची मला भीती वाटली. आपण खरंच म्हातारे झालो, हात-पाय आता ऐकत नाहीत, असं त्यांनी मनाशी धरलेलं दिसत होतं. हे एकदा धरलेले पेशंट मी खूप बघते. खांदा बरा होतो, ते होत नाहीत.

मी अंगणात जाऊन सायकल उलटी केली. तबकडीवर बोट फिरवून वास घेतला. सरसों.

"आबासाहेब, या तबकडीला तेल लावलंत?"

"अर्थात. उघडं लोखंड आहे."

"ब्रेक आहे तो."

बर्फ बाजूला ठेवून ते ताठ बसले. "मग तसं त्यावर लिहायला नको?" आणि विक्रमकडे वळून, एकदम इंजिनिअरच्या आवाजात: "दोष सायकलीचा नाही, माझ्या वयाचाही नाही. तेलाचा आहे." सासूबाई म्हणाल्या, "फडकं दरवर्षी मीच हातात देते. देऊन टाकायचं तर मलाही दे." विक्रमला हसू दाबता येईना. मी म्हटलं, उद्यापासून निघायच्या आधी ब्रेक मी बघत जाईन, रोज. त्यावर मिटलं. तेल प्यायलेले ब्रेकचे तुकडे बदलून घेतले, तबकड्या साफ केल्या. दुसऱ्या दिवशी सायकलीच्या पुढच्या दांड्यावर, तबकडीच्या बरोबर वर, जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी दिसली. तीवर बॉलपेननं सरकारी वळणाच्या अक्षरात: 'येथे तेल लावू नये.'

तेव्हापासून रोज सकाळी फाटकाशी आबासाहेब सावधानमध्ये उभे राहायचे, मी चाक उचलून फिरवायचे, ब्रेक दाबायचे. "हवालदार, परवानगी?" ते विचारायचे. मी मान हलवली की निघायचे. थंडीत, धुक्यात, मुरारच्या मोठ्या झाडांखालून त्यांची पाठ पुढे जात असायची. अशी कितीतरी वर्षं त्यांना मिळाली. शेवटचा आजार येईपर्यंत ते एक दिवसही वर्तमानपत्र उलटं धरून बसले नाहीत. सून म्हणून मी त्यांच्यासाठी काय केलं असं लोक भेटायला येऊन विचारतात. ब्रेक बघितले. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगायला जास्त वेळ लागतो, म्हणून हे लिहिते आहे.

यंदा घरात सण नाही. पण सण नसला तरी गंज थांबत नाही, म्हणून परवा खंडेनवमीला पूजा न करता तलवार उतरवली आणि पुसली. मग अडकित्ता, कुलपं, जुनी सायकल. विक्रम दारात उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "नवी आता तू घे. आबासाहेब तसंच म्हणत होते." मी म्हटलं, जुनी उभी राहील, ते चालायचं नाही. तो जरा घुटमळला. "जुनीचे गिअर कुठे असतात गं?"

"खालच्या नळीवर. आधी थोडं पोट कमी कर, मग हात पोचेल."

नवीचं सीट त्यांच्या उंचीचं होतं. ते बोटभर खाली घेतलं. चिकटपट्टीची एक कड सुटली होती, ती अंगठ्यानं दाबून बसवली. तबकड्या कोरड्या फडक्यानं पुसल्या. दसऱ्याच्या सकाळी विक्रम जुनी घेऊन फाटकाशी आला, एक पाय जमिनीवर, कसानुसा. मी त्याच्या सायकलीचं चाक उचललं, फिरवलं, ब्रेक दाबला. मग माझ्या. दोन्ही धरत होते.

"चल," म्हटलं. "खाली बघू नकोस. आवाज ऐक."