पट्टी कोणी काढली?

तुमच्या सहीने एखाद्याची नोकरी जाणार असेल, तर पेन उघडण्यापूर्वी तुम्ही किती वेळ थांबता?

मॅनेजर काळेसाहेबांनी मला दोन मिनिटं दिली होती. मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होते. टेबलावर मेमो होता: ऑपरेटर शिंदे यांच्या निष्काळजीपणामुळे पाच पॅनल कडेने जळाले. शिंदेमामांचा हा तिसरा मेमो. त्यानंतर थेट घरी.

आमचे पॅनल कार्बन फायबरचे: त्याचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, भिजवून थरावर थर लावायचे आणि तापवून कडक करायचे. या कडक करण्याला क्युरिंग म्हणतात. आम्ही ते मोठ्या मायक्रोवेव्हमध्ये करायचो. भट्टीपेक्षा लवकर होतं.

"साहेब, यात कारण लिहिलेलं नाही."

"जळालंय ना? अजून काय कारण पाहिजे?"

मी मेमो घेऊन तडक शॉपवर, मशीनपाशी गेले. शिंदेमामा जवळच्या मखमलाबाद गावचे. पहाटे मळ्यातली मेथी बाजारात पोचवून ड्यूटीवर यायचे.

"मामा, काय बदललंत?"

"मी नाय काही बदललं, मॅडम. साहेबांनी पट्टी बंद केली."

पट्टी म्हणजे अॅल्युमिनियमची चिकटपट्टी. मशीन बसवायला आलेल्या माणसाने ती पॅनलच्या कडांना लावायला मामांना शिकवलं होतं. लेखी कुठेच नव्हतं. दिवाळीत साहेबांच्या घरी मायक्रोवेव्ह आला. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, आत धातू ठेवू नका. सुट्टी संपताच साहेबांनी पट्टी बंद केली.

आता, कार्बनच्या धाग्यातून वीज वाहते. कापलेल्या कडेला धाग्यांची टोकं उघडी पडतात आणि तिथे ठिणग्या उडतात. सपाट, घट्ट बसवलेली पट्टी त्या टोकांना झाकते, आणि तिचं स्वतःचं टोक सुटं नसल्याने तिच्यावरही ठिणगी उडत नाही.

मी साहेबांना बोलावलं. आधी बिनपट्टीचा तुकडा आत ठेवला. काचेपलीकडे फुलबाजी सुरू झाली. मशीन बंद केलं. मग मामांनी दुसऱ्या तुकड्याला नखाने दाबत दाबत पट्टी लावली. एकही ठिणगी नाही. कड स्वच्छ.

साहेबांनी दोन्ही तुकडे शेजारी धरून पाहिले.

"घरच्यात ढोकळा करा, साहेब," मामा म्हणाले. "ह्याला पट्टी लागते."

आधी साहेबच हसले. मेमो त्यांनी स्वतः फाडला. 'कडांना पट्टी लावणे' ही सूचना मात्र मी त्यांच्याच अक्षरात लिहून घेतली आणि मशीनवर चिकटवली. त्याच चिकटपट्टीने.

शिकलेलं काम मामांच्या बोटांत होतं, कागदावर फक्त आरोप होता. तेव्हा उद्या असा कागद तुमच्यासमोर आला, तर पेन खिशात ठेवा. त्या माणसाकडे जा, काय बदललं ते विचारा, आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर एकदा करून बघा. सही नंतरही करता येते.