सवच्या मैदानात बिरवाडीची गर्दी

सव गावचा हैबती हुतुतूतला पट्टीचा गडी होता. १९३४ साली बिरवाडीशी सामना ठरला, तेव्हा त्यानं आणि बायको बयाबाईनं आठवडाभर खपून स्वतःचं भात कापलेलं खाचर चोपलं आणि मैदान केलं.

सामन्याच्या दिवशी बिरवाडीकर बैलगाड्या भरभरून आले. गावचे पाटील सयाजीराव म्हणाले, "पाहुने हायेत, त्यांना पुढं बसवा." बघता बघता चारी बाजू बिरवाडीनं भरल्या आणि सवची माणसं मागं पेंढ्याच्या उडवीआड गेली. हैबती चढाईला निघाला तशी चहूकडून त्याची हुर्यो उडाली. आपल्याच शेतात आपल्या बाजूची एक हाक नाही! मागं बयाबाई टाचा उंचावत होती. तिला नुसती पागोटी दिसत होती.

हैबतीचं डोकं फिरलं. तो मधल्या रेषेवर थांबला.

"पाटील, पाहुने जेवायला आलेत का आमाला हरवायला? माजा गाव पुढं बसल्याबिगर मी तोंडातनं हुतुतू काढनार नाय!"

सयाजीरावांनी डोळे वटारले, पण हैबती हलेना. शेवटी त्यांना एक बाजू रिकामी करून द्यावी लागली.

सामना सव हरलंच. ओरडून ओरडून बयाबाईचा घसा बसला, आणि हैबती पुढं कितीतरी दिवस पाटलांवर धुमसत राहिला.