ओळख न दाखवणारे मामा

नांदेडच्या बाजारात शिपाईमामा समोरून आले, की माझ्या शेजारून सरळ निघून जायचे. नजर नाही, मान हलवणं नाही. एरवी भाजीवालीच्या सुनेचीही चौकशी करणारा हा गप्पिष्ट माणूस मला पाहिलं की दगड व्हायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त लाज वाटायची.

कारण अल्पवयीन मुलांचे खटले चालतात त्या मंडळात मामा शिपाई होते, आणि पंधराव्या वर्षी मी तिथे आरोपी होतो. दोस्ताने चोरलेल्या मोटारसायकलवर मागे बसलो, एवढाच माझा पराक्रम. वर्षभर तारखा चालल्या, शेवटी सुटलो. आईने ती गोष्ट नातेवाइकांना कळू दिली नाही आणि मी पुढे बायकोलाही सांगितली नाही.

मोठ्या कोर्टात शिपाई व्हरांड्यातून नावाचा पुकारा करतो. मामा कधी ओरडले नाहीत. बाकापाशी येऊन, वाकून म्हणायचे, "चल बाळा, तुझी बारी आली. आधी पाणी पिऊन घे." कुणी मुलांबद्दल खोदून विचारू लागलं की म्हणायचे, "मला लई इसर पडून राहिला बगा." तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

पुढे मी मास्तर झालो आणि किशोरांसाठी एक कादंबरी लिहिली, खटल्यात सापडलेल्या मुलाची. कामकाजातल्या चुका काढायला कुणी माहितगार हवा होता. मामा निवृत्त झाले होते, त्यांच्याकडे हस्तलिखित घेऊन गेलो. लेखक म्हणूनच गेलो, बाकी अवाक्षर काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आठवड्याने त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "हितं पोराला पिंजऱ्यात उभं केलंय तुम्ही. पिंजरा कुठून काढला?"

"होता ना तिथे," मी ठासून म्हणालो.

"न्हाई. खुर्ची व्हती." मग आवाज खाली आला आणि अहो-जाहो गळून पडलं. "मीच खिशातल्या दस्तीनं पुसून दिली व्हती तुला. लटलट कापत व्हतास."

इतकी वर्षं मी स्वतःला पिंजऱ्यात उभा आठवत होतो. "मग रस्त्यात कधी ओळख का नाही दाखवली, मामा?"

"मी दाखवली अन् तुझ्यासंगतच्या माणसानं इचारलं, हे कोण, तर तू काय सांगणार? वळख तू दाखवायची. तुझी मर्जी."

पिंजरा खोडला. कादंबरी छापून आली. मुलांनी वाचली, बायकोनेही वाचली. आतला मुलगा मीच, हे मात्र वाचणाऱ्यांत मामांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मामा कायमचे उदगीरला, मुलीकडे निघाले. मी आणि बायको स्टेशनवर गेलो. मामांच्या मुलीने सहज विचारलं, "आमच्या बाबांची अन् तुमची वळख कुठली?"

मामा घाईने मध्ये पडले. "पुस्तकं लिहितेत ते."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. तरी मी बोललो. "पंधरा वर्षांचा असताना माझ्यावर चोरीचा खटला होता. मामा मला पाणी द्यायचे."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग पुढे झाली आणि मामांच्या पाया पडली. तिला आशीर्वाद द्यायचा सोडून मामाच रडायला लागले. गाडी हलली तेव्हा, पोट सुटलेल्या मास्तराला अजिबात शोभणार नाही असा, मी त्यांच्या खिडकीबरोबर प्लॅटफॉर्म संपेपर्यंत धावलो.