गुरुजी गेले, बाई इल्या

शाळेत पोरांचो भात मी शिजवतंय. रांधपाची खोली नि वर्ग हेच्या मधी अर्धीच भिंत, त्यामुळे शिकवतत ता सगळां आयकाक येता.

आदले गुरुजी अबोल. बाजारात भेटले तरी नुसती मान हलवत. वर्गातय तसांच. सवाल घालत नि खिडकेकडे जावन उभे रवत. पोरांनी पाटयेर लिवून दाखवूचां. बरां असलां तर म्हणत, "बरोबर." वाडीतले हसत, "तुमचो मास्तर निजता काय गो?"

माझो झील दर्यात गेलो तो परत इलोच नाय, तेव्हापासून तेच्या चेडवाची वाचा बसली. माझी नात ती, माझ्याकडेच रवता. पण गुरुजींच्या वर्गात लिवायची. भात ढवळताना "बरोबर" आयकलंय काय माका वाटायचां, ह्यां तिचांच आसतलां.

गुरुजींची बदली झाली, बाई इल्या. वायट नाय हां. हसऱ्या, टाळ्यो वाजवून पाढे म्हणान घेतत. त्यांका स्वतःक गप बसवणा नाय, म्हणान दुसऱ्याक बसूक देनत नाय. रोज एकाक फळ्याम्होरे उभां करून गाणां. नातीची पाळी इली.

"चला, आमची मुकी मैना आज गाणार!"

सगळी पोरां खदखदली. मी पळी हातात घेवनच गेलंय. "बाई, तिका लिवूक सांगा. ती लिवता."

"आजी, लाडाने म्हणते हो मी. मागे ठेवली तर मागेच राहील ती."

बाईंनी नि पोरांनीच गाणां म्हटलां, ता संपापर्यंत ती तशीच उभी रवली. थंयच मुतली. दुसऱ्या दिसापासून दाराची चौकट धरून बसता, शाळेत येणा नाय.

शेवटी मी देवळात कौल लावलंय. गुरवान देवाच्या आंगार फुलां चिकटवली नि इचारल्यान, चेडवाक शाळेत धाडूचां काय? उजवां पडलां तर धाडूचां, डावां पडलां तर नको.

डावां पडलां.

सांजेक बाई घरी इल्या. डोळे लाल. "आजी, नाही उभी करणार मी तिला. कोपऱ्यात बसू दे, लिहू दे. पण पाठवा."

"चाय घ्या बाई," मी म्हटलंय. "देवाक इचारून झालां आता. तेचो शब्द मी कसो मोडू?"

बाई पाटी घेवन नातीम्होरे बसल्या. नातीन ती हातात घेवक नाय.

कुडाळाक तिची आत्या आसा. तिचां बारकां पोर सांभाळूक नात गेल्या आयतवारी गेली. आत्या म्हणता, "बरां गावलां चेडू. उलट बोलणा नाय."