पाहुण्यांसमोरचा ग्राफ

काकती आली, म्हणजे बेळगाव आता आलंच, असं म्हणून मी बसमध्ये चपला काढून पाय सैल सोडले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, परत अडकलं बघा. मघाधरनं बटणं दाबायलोय, हलंना."

फोनवर भारतीआक्का. चिकोडीजवळच्या एका गावातलं दूध केंद्र त्या सांभाळतात. त्यांच्याकडूनच मी परत येत होते. सकाळभर तिथं बसून माझा प्रोग्राम हर तऱ्हेनं चालवून बघितला होता आणि 'काही झालेलं नाही, निर्धास्त राहा' असं छातीठोकपणे सांगून निघाले होते.

"आक्का, मी असताना तर छान चालत होतं."

"तुमी असताना चालतंय ओ. तुमी गेलासा की रुसतंय. आनि साहेब तर दुपारी येणार!"

आता काय करणार? कंडक्टरला सांगून काकतीलाच उतरले. चपलांचा एक पट्टा बसायला तयार नाही, खांद्यावर लॅपटॉप, आणि मनात कंप्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार. पलीकडे जाऊन निपाणीकडची बस धरली.

साहेब म्हणजे मुख्य डेअरीचे क्वालिटी ऑफिसर, हेगडे. गेल्या गुरुवारी या केंद्रावरून गेलेलं दूध डेअरीत पोचेपर्यंत नासलं होतं. हेगडेंना संशय होता की केंद्रातला दूध थंड ठेवणारा कूलर त्या संध्याकाळी बंद पडला आणि आक्कांनी ते झाकलं. त्यांची तशी खात्री पटली, तर दुसऱ्या दिवसापासून गावात टँकर येणार नव्हता. रोज संध्याकाळी किटल्या घेऊन येणाऱ्या बायकांनी मग दूध ओतायचं कुठं? कूलर क्षणभरही बंद नव्हता, असं आक्का शपथेवर सांगत होत्या. पण शपथेला कोण विचारतो? ग्राफ दाखवा म्हणाले साहेब.

ग्राफ माझ्याकडचा. दुधाच्या टाकीत मी सेन्सर बसवून दिला आहे. टाकीतलं तापमान तो सतत कंप्युटरकडे पाठवतो. दूध चार अंशांच्या आसपास राहिलं की ते टिकतं. कुठल्या दिवशी किती होतं, हे बघायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. स्क्रिप्ट म्हणजे साधा प्रोग्राम. त्यात रंगीत बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत प्रश्न येतो, 'कुठला दिवस?' आपण तारीख टाइप करून एन्टर मारायचं. दुसऱ्या खिडकीत त्या दिवसाचा ग्राफ उघडतो. मग काळी खिडकी विचारते, 'आणखी कुठला?' केंद्रातल्या कंप्युटरचं वय बघता त्याच्यावर याहून जास्त ओझं टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पोचले तेव्हा ऑफिसात आक्का, केंद्राचे सेक्रेटरी आप्पा आणि दूध घालायला येणाऱ्या दोघी-तिघी काळजीनं उभ्या होत्या. मी आक्कांना खुर्चीवर बसवलं आणि हाताची घडी घातली.

"मी शिवणार नाही. रोज करता तसंच करा."

आक्कांनी तारीख टाइप केली. ग्राफ उघडला. आप्पा चष्मा सावरत पुढं झाले, बायका त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. आक्कांनी ग्राफची खिडकी हळूच बाजूला सरकवली, मागच्या काळ्या खिडकीत क्लिक केलं आणि दुसरी तारीख टाइप केली. ढिम्म. पुन्हा टाइप केली. काही नाही.

"बघा! म्हटलं न्हाय मी?"

"आक्का, अहो, पहिला ग्राफ बंद का करत नाही?"

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "आप्पा बघत्यात की अजून! मानूस जेवायला बसलाय आनि फुडनं ताट वढायचं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. सगळा उलगडा झाला होता. ग्राफ दाखवण्याची जी आज्ञा मी दिली होती, ती दाखवते आणि तिथंच थांबते. खिडकी कोणी बंद करेपर्यंत पुढची ओळ चालतच नाही. सकाळी चालवणारी मीच आणि बघणारीही मीच. बघून झालं की माझा हात आपोआप फुलीवर जायचा. आक्कांच्या भोवती मात्र कायम चार माणसं. त्यांचं बघून होईपर्यंत त्या खिडकी मिटवणार कशा?

"मग साहेब आले की त्यांना विचारून बंद करा," मी सुचवलं.

"साहेबांच्या तोंडासमोरनं? मी न्हाय बाई. गुरवारचाच ग्राफ हाय, झाकला म्हनतील!"

हा मुद्दा बिनतोड होता. बदलायचं ते मलाच बदलायला हवं होतं. मी खुर्ची ओढली. दाखव, पण थांबू नकोस, असं स्क्रिप्टला सांगितलं आणि चालवली. खिडकी उघडली खरी, पण आत नुसतं पांढरं.

आप्पा बारकाईनं बघत म्हणाले, "ह्यात नुसतं दूधच दिसतंय की ओ."

बायका खदखदून हसल्या. मलाही हसू आलं, पण बाहेर जीपचा आवाज आला आणि मी परत कीबोर्डवर वाकले. थांबू नकोस म्हटल्यावर प्रोग्राम थेट पुढच्या प्रश्नाकडं पळाला होता, ग्राफ काढायला त्याला उसंतच मिळाली नव्हती. मग मी मध्ये एक बारीकसा विराम घातला. रेघ उमटली! पण शेवटी 'बास' असं टाइप केलं, तर स्क्रिप्ट संपताना सगळ्या खिडक्या स्वतःबरोबर घेऊन गेली. अगं बाई! शेवटी आणखी एक ओळ घातली: 'सगळ्यांचं बघून झालं की एन्टर दाबा.' आणि हेगडेसाहेब दारात.

"हं, तोरिसि. दाखवा गुरुवार."

आक्कांनी दाखवला. दिवसभर रेघ सपाट, चार अंशांवर. संध्याकाळी मात्र एकदम वर चढलेली आणि मग सावकाश उतरलेली. साहेबांनी त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"इल्लि नोडि, इथं बघा! इथं कूलर बंद होता."

"बंद नव्हता साहेब. धारंचं ऊन ऊन दूध वतलं की रोजच चढतंय, मग खाली येतंय."

"रोज?"

"रोज."

"कशावरून?"

 आक्कांनी शांतपणे गुरुवारची खिडकी एका बाजूला सरकवली, बुधवारची तारीख टाइप केली आणि एन्टर मारलं. शेजारी बुधवार उघडला. तोच उंचवटा, त्याच वेळी, तेवढाच. बुधवारचं दूध डेअरीनं बिनतक्रार घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आक्कांनी मंगळवार उघडला. मग सोमवार. सगळ्या ग्राफांचं माप एकच ठेवायची अक्कल मला आधीच सुचली होती, एवढं माझं श्रेय मी सोडणार नाही.

साहेब या खिडकीतून त्या खिडकीत बघत राहिले. जुन्या पद्धतीनं गुरुवार मिटवून बुधवार दाखवला असता, तर 'गुरुवारचा मोठा होता' असं त्यांनी म्हटलं असतं आणि आम्ही काहीच करू शकलो नसतो. आता सगळे दिवस समोरच मांडलेले होते.

"आक्का," साहेब शेवटी हसले, "तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. मग दूध नासलं कुठं?"

"टाकीत न्हाय एवढं नक्की," आप्पा म्हणाले. "आता टँकर बघूया की."

साहेब संध्याकाळपर्यंत थांबले आणि गुरुवारी दूध नेलेला तोच टँकर आला तेव्हा स्वतः वर चढले. झाकणाचं रबर उचललं आणि नाकाला रुमाल लावूनच खाली उतरले. रबराखाली जुन्या दुधाचा थर साचला होता. धुणाऱ्यानं तिथं कधी हातच घातला नव्हता. साहेबांनी तिथूनच फोन करून कुणाला तरी कन्नडमध्ये असं झाडलं, की दूध घालायला आलेल्या बायका ओळ सोडून ऐकायला पुढं आल्या. दूध घेणं चालूच राहणार, हे आप्पांनी मोठ्यानं सांगितलं, आणि जिवात जीव आला सगळ्यांच्या. साहेबांनी बाकीच्या केंद्रांसाठी हाच प्रोग्राम मागितला. "पण मॅडम, हा न मिटणारा."

तेव्हापासून प्रोग्राम देताना मी तो स्वतः चालवून दाखवत नाही. ज्यांचा आहे त्यांना बसवते, हाताची घडी घालते, आणि स्क्रीन बघायला आणखी कोण कोण जमतं ते बघते.

त्या दिवशी निघताना मी ऑफिसात डोकावले. कंप्युटरवर सोमवारपासून गुरुवारपर्यंत सगळं उघडंच. खाली प्रोग्राम एन्टरची वाट बघत होता.

"आक्का, आता तरी मिटवा. साहेब गेले."

आक्कांनी खिडकीतून रस्त्याकडं मान लांब करून बघितलं.

"जीप वळनावरनं जाऊ दे की आधी!"